क्लेमची सायकल हलकी करताना

३ ऑगस्ट १९७५, रविवार

आज ठरवलं. क्लेमची सायकल मी पूर्ण करणार.

कारण साधं आहे. अर्धवट काम मला बघवत नाही. फेब्रुवारीत माझा नवरा गेला तेव्हा वजन कमी करायची भोकं डाव्या ब्रेक लिव्हरला पाडून झाली होती, उजव्याला नव्हती. गेले सहा महिने मी मागच्या खोलीत कपडे पिळायला जाते आणि ती सायकल भिंतीला टेकून उभी असते, एक लिव्हर जाळीसारखा आणि दुसरा ठोकळ्यासारखा. एकाच पायात मोजा घालून दारात येऊन उभं राहिलेल्या माणसासारखी.

सायकल क्लबची चढाची शर्यत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आज चॅपलबाहेर सिरिल ग्रिमशॉ टोपी काढून म्हणाला, "एनिड, तुझी हरकत नसेल तर यंदा नॅब टेकडीच्या चढावर मी क्लेमची सायकल घेतो. त्याच्या नावाने." सिरिल आणि क्लेम तीस वर्षं एकमेकांना हरवायच्या गोष्टी करत आले. मी लगेच हो म्हटलं. एकच अट, भोकं आधी मी पूर्ण करणार. क्लेमला सायकलचं वजन अठरा पौंडांच्या खाली आणायचं होतं. ते मी आणीन.

सिरिल म्हणाला, "आणि सीट जरा खाली घ्यावी लागेल. क्लेम म्हणजे ताडमाड, मी हा असा."

मी म्हटलं, बघू.

योजना: ऑगस्टअखेर सगळं संपवायचं. मग सायकल सिरिलला द्यायची आणि मागच्या खोलीला रंग.

यात दुःखाबिखाचा काही संबंध नाही. दुःख मी फेब्रुवारीत केलं, रीतसर. आता नुसते हात मोकळे आहेत.

५ ऑगस्ट, मंगळवार. चहानंतर

पहिलं भोक. ड्रिलचं टोक घसरलं आणि लिव्हरवर लांबलचक ओरखडा उठला.

क्लेम आधी खिळ्यासारख्या टोच्याने खूण करून घ्यायचा. हातोडीचा एकच टक् असा आवाज स्वयंपाकघरात यायचा. सात वर्षं ऐकला, तो कशाचा हे कधी विचारलं नाही. आज कळलं.

दुसरं भोक खूण करून पाडलं. अगदी मधोमध नाही, मधोमधच्या शेजारी. उजेड कमी होता.

९ ऑगस्ट, शनिवार

लायब्ररी. मिस ऑर्मरॉडनी विचारलं, "मिसेस स्कोफिल्ड, तुमची ती ध्रुवावर जाणाऱ्यांची पुस्तकं? नवीन एक आलंय, बाजूला काढून ठेवलंय."

मी म्हटलं, "ती माणसं शेवटी गोठतातच. मला आता पूल हवेत."

पुलांचं जाड पुस्तक आणलं. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली आणि गिरणीत गेले, तेव्हापासून वाचायचं ते माझं मीच वाचत आले. न कळलेलं पान मी दोनदा वाचते, तरी नाही कळलं तर ते पान चुकीचं लिहिलंय असं समजते. एक गोष्ट पक्की कळली. कुठल्याही वस्तूत थोडासा धातू काम करतो आणि बाकीचा नुसता बसून असतो. बसून असलेला काढून टाकावा.

वाचल्यापासून घरात जिथे बघते तिथे बसून असलेला धातू.

१० ऑगस्ट, रविवार

उजवा लिव्हर झाला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही ठेवले. काट्याची सुई आधी जिथे होती तिथेच. काटा जुना आहे, आईचा.

म्हणून निघालेला चुरा कागदावर घेऊन ठेवला. तेव्हाही सुई हलली नाही. फिलिस आली होती, सिरिलची बायको, केकसाठी पसरट भांडं मागायला. तिने चष्मा वर करून चुऱ्याकडे बघितलं.

"हेच काढलंस दोन संध्याकाळी बसून?"

"सुरुवात आहे."

"अगं बाई, एवढं तर मी केक करताना चमच्याला लागलेलं चाटते."

फिलिसला तांत्रिक गोष्टींची दृष्टी नाही. चांगली आहे तशी.

१७ ऑगस्ट, रविवार

चेनव्हीलवर, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चाकावर, काम चालू आहे. दातांच्या आत गोलाकार एक ओळ, तिच्या आत दुसरी. दोन भोकं एकमेकांत शिरली. बघायला वाईट नाही, मुद्दाम काढलेल्या नक्षीसारखं दिसतं. माझ्या बहिणीला लेस विणता यायची, मला कधी जमली नाही. बसून राहावं लागतं म्हणून. हे उभ्याने करता येतं.

संध्याकाळी पुढच्या खोलीत बसून बघितलं. रेडिओ लावला. पाचेक मिनिटांत उठून स्वच्छ असलेलं सिंक परत घासलं. मग मागच्या खोलीत गेले. काम वेळेत संपवायचं म्हणजे हे असं करावंच लागतं.

२४ ऑगस्ट, रविवार

सिरिल सायकल बघायला आला. चेनव्हील बोटाने फिरवून त्याने शीळ घातली. मला बरं वाटलं. मग त्याने सायकल अंगणात काढली, भिंतीचा आधार घेऊन वर चढला. त्याचे पाय पेडलच्या वरच लोंबत राहिले, बारशाला खुर्चीत बसवलेल्या पोरासारखे.

"पाना दे गं. सीट चार बोटं खाली घेऊ."

मी म्हटलं, इतक्यात नाही. सीटच्या दांड्याला भोकं पाडायची आहेत, त्याची मापं या उंचीवर घेतली आहेत. (घ्यायची आहेत.)

"मापं काय, दांडा वर तोच आणि खाली तोच."

"सिरिल, मी पुस्तक वाचतेय."

त्याने हात वर केले. पण चहा पिताना नको ते बोलला. "खरं सांगू का एनिड? क्लेमची ही सायकल सात वर्षं 'पुढच्या ऑक्टोबरला' तयार होत होती. दर वर्षी मी विचारायचो, यंदा? तो म्हणायचा, जरा चेनव्हील राहिलंय. जरा लिव्हर राहिलाय. चढायला नको म्हणून भोकं पाडत बसायचा लेकाचा."

मी त्याला दुसरा कप दिला नाही.

क्लेम टाळाटाळ करणारा माणूस नव्हता. काम नीट व्हायला वेळ लागतो. आता माझं मलाच दिसतंय की.

३१ ऑगस्ट, रविवार

मुदत आज संपली. कारणं:

ड्रिलचं टोक मोडलं, नवीन आणायला वेळ गेला.

सराव हवा होता, म्हणून मध्ये इतर वस्तूंवर हात बसवला. डाव, उलथनं, कोळशाचं फावडं. फावडं खरोखर हलकं झालं. भट्टीत कोळसा टाकताना बारीक कोळसा खाली सांडतो, पण बारीक कोळशाला तशीही काही धग नसते.

नवीन मुदत: सप्टेंबरअखेर. ही शेवटची.

७ सप्टेंबर, रविवार

निश्चय: रविवारी भोकं पाडायची नाहीत. रविवारी वाचन, पत्रं, चॅपल आणि शक्य झालं तर दुपारी झोप.

त्याच दिवशी, चारनंतर

पेडलच्या पिंजऱ्यांना, पाय टेकतो त्या पत्र्याच्या चौकटींना, नुसती खूण करून ठेवली होती. खूण म्हणजे भोक नव्हे. मग वाटलं, खुणा सुकून जातील.

११ सप्टेंबर, गुरुवार

सिरिलने दुधवाल्याबरोबर निरोप पाठवला, सीट खाली केलीस का. दूधवाला म्हणाला, "मिसेस स्कोफिल्ड, ग्रिमशॉ विचारतात, सीट बसली का." मी म्हटलं, त्यांना सांग पाना सापडत नाहीये.

पाना सापडत नाही हे खरं आहे. मी तो सुरक्षित ठेवलाय, पिठाच्या डब्यामागे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सीटचा दांडा. आजवरचं सगळ्यात अवघड काम, आणि झालंही सगळ्यात नेटकं.

लोक दांडा बाहेर काढून वाइसच्या जबड्यात धरतात आणि भोकं पाडतात. मी तसं केलं नाही. दांडा काढला की परत त्याच जागी बसवणं अवघड. क्लेमने तो वीस वर्षांत हलवला नव्हता, वर्षातून एकदा फडक्याने पुसायचा तेवढंच. म्हणून सायकल उभीच ठेवली आणि जेवढा दांडा फ्रेमच्या बाहेर दिसतो तेवढ्यालाच भोकं पाडली, खालून वर, गोल गोल. सगळ्यात खालची ओळ फ्रेमच्या काठाला लागून. तिथे भोकं जरा दाट झाली, कारण तिथे पाडायला हाताला चांगला आधार मिळत होता.

माझा स्वतःचा विचार आहे हा. पुस्तकात नाही.

ती सीट माझ्या बरगड्यांना लागते. क्लेम तिच्यावर नुसती मांडी टाकून बसायचा, जिना चढावा तसा.

हे वाक्य इथे कशाला लिहिलं माहीत नाही. वजनाशी त्याचा संबंध नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

फिलिसबरोबर भांडण. म्हणजे भांडले मी, ती नुसती बटाटे सोलत होती.

ती म्हणाली, "सिरिल माझ्यापाशी कुरकुरतोय. सराव करायचाय त्याला. सीट का करू देत नाहीस खाली?"

मी तिला सांगितलं. दांड्यावरचा ताण, ओळींचं गणित, अमुक उंचीला सगळं जुळतं वगैरे. चांगलं सविस्तर सांगितलं.

ती म्हणाली, "एनिड, तुझा हात धजत नाही, एवढंच ना? मग तसं सांग. तो काही राक्षस नाही."

मी म्हटलं, "मी त्याचे बूट दिले, कोट दिले, दाढीचा ब्रश फेकून दिला. सीटला घाबरेन होय मी?"

"तेच म्हणतेय मी."

घरी आल्यावर दाराची पायरी घासली. शेजारची हसली, सकाळीच घासली होतीस ना म्हणून. सकाळी नीट निघाली नव्हती.

४ ऑक्टोबर, शनिवार

सिरिलने तोडगा काढला. लहान पोरांना मोठी सायकल देतात तेव्हा पेडलला लाकडी ठोकळे बांधतात, तसे. स्वतः करून आणले, सुतळीने बांधले, वर चढला. पाय पोहोचले. अंगणात एक चक्कर मारून दाखवली. साठीचा माणूस, कपाळावर केसांच्या नावाने चार काड्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला हसू आवरेना. फेब्रुवारीपासून इतकी हसले नव्हते. मग मला कसंसंच झालं आणि मी आत जाऊन किटली ठेवली.

तोडगा उत्तम होता. सीट जिथल्या तिथे.

तो गेल्यावर ठोकळे काट्यावर ठेवले. सुई लगेच हलली. दोन ठोकळ्यांचं वजन, मी ऑगस्टपासून काढलेल्या सगळ्या धातूच्या तिप्पट भरलं.

५ ऑक्टोबर, रविवार

ठोकळ्यांना भोकं पाडली. एक उभा चिरला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शांतपणे विचार केला. सायकल तयार नाही. घाई केली तर काम बिघडेल. यंदा राहू दे, पुढच्या ऑक्टोबरला नक्की. क्लेमनेही हेच केलं असतं.

सिरिलला सांगायला त्यांच्याकडे गेले. तो नव्हता, दवाखान्यात गेला होता. फिलिस कपडे वाळत घालत होती. तिने चिमटे तोंडातून काढले आणि सांगितलं, डॉक्टर म्हणालेत गुडघे गेले. हा हिवाळा झाला की सायकल बंद. नॅबवर ही शेवटची.

"त्याने तुला सांगितलं नाही. म्हणाला, तिच्यावर जोर नको."

मी म्हटलं, "सायकल तयार आहे. हेच सांगायला आले होते."

"सीट?"

"सीट त्या दिवशी करू. आदल्या दिवशी. करू."

येताना पाऊस लागला. चढ चढून आले. वाटेत एकदाही थांबले नाही, लोक बघत होते म्हणून.

१८ ऑक्टोबर, शनिवार

वजन. घरच्या काट्यावर सायकल मावत नाही, म्हणून खाटकाकडे नेली. त्याच्याकडे अर्धं डुक्कर टांगायचा आकड्याचा काटा आहे. दुकानात सॉसेज घ्यायला बायकांची रांग. त्याने सायकल आकड्याला लटकवली आणि वाकून बघितलं.

"एकोणीस पौंड आणि वर थोडं. हाडं काढून देऊ का, मिसेस स्कोफिल्ड?"

रांग हसली. रांगेतली एक म्हणाली, "चरबी तर आधीच काढलेली दिसतेय." दुसरी म्हणाली, "स्ट्यूला चालेल." मीही हसले, हसायला हवं होतं म्हणून. पण एकोणीस आणि वर. क्लेमला अठराच्या आत हवी होती. सुरुवातीला किती होती ते मी बघितलंच नाही. त्यामुळे मी नक्की किती कमी केलं हे सांगता येत नाही. बरंच असणार.

२५ ऑक्टोबर, शनिवार

निश्चय: आज सीट खाली करायची. पाना काढून ठेवला.

दुपारी: पान्यावर पीठ होतं, पुसला.

चहानंतर: मागच्या खोलीत गेले. सीटच्या कातड्याला क्लेमने बसून बसून खळगा पाडलाय, डावीकडे जरा जास्त. तो डावीकडे झुकून बसायचा. चॅपलमध्येसुद्धा. बोल्ट सैल करायला हात लावला आणि आठवलं, उद्यासाठी सँडविचला ब्रेड कापायचाय.

नंतर: ब्रेड कापला. गरजेपेक्षा जास्त.

सीट उद्या तिथेच करू. तिथे चार माणसं असतात, पक्की बसवतील. एकटीने करणं धोक्याचं.

२६ ऑक्टोबर, रविवार

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप नाही यायची.

नॅबच्या पायथ्याशी पोहोचले तर कोणी नाही. धुकं, दोन मेंढ्या आणि बंद हॉल. वाटलं, शर्यतच रद्द झाली. आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. मग आठवलं. काल घड्याळं एक तास मागे घ्यायची होती. दर वर्षी ते क्लेम करायचा. तो स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचं करायचा, मग माझ्या मनगटावरच्याचं. यंदा ते राहून गेलं आणि माझ्यावर सायकलीसकट तिथे उभं राहायची वेळ आली.

तासभर फेऱ्या मारल्या. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, सायकल हातात धरून.

मग सगळे आले. फिलिस आणि बाकीच्या हॉलमध्ये शिरल्या, चहाचं भांडं चढवलं. दर वर्षी मीही तिथेच असते, सत्तावीस वर्षं. चढाच्या वर काय होतं ते मी कधी बघितलेलं नाही. फक्त खाली येणाऱ्यांना चहा दिलाय.

सिरिल लोकरी चड्डीत कुडकुडत आला. क्लबच्या माणसांनी सायकलभोवती कोंडाळं केलं. चेनव्हील बघून कोणीतरी म्हणालं, "क्लेमचा हात लागलाय बघा." मी दुरुस्त केलं नाही. यापेक्षा मोठं कौतुक माझं कधी झालेलं नाही.

सिरिलने माझ्याकडे बघितलं. पाना मागितला नाही. नुसता थांबला.

मी खिशातून काढून दिला.

"चार बोटं," मी म्हटलं. "जास्त नाही."

त्याने बोल्ट सैल केला. सीट दाबली. हलेना. दोघांनी दाबली. एकाने फ्रेम धरली, दुसरा सीटवर लोंबकळला. हलेना. वीस वर्षांत दांडा आत फ्रेमला चिकटून बसला होता. मला आतून इतका आनंद झाला की मी खाली बघितलं, चेहऱ्यावर दिसू नये म्हणून. मी म्हटलं, "राहू दे ना. नसेल हलायचं तर—"

"फिरवून बघू," सिरिल म्हणाला, आणि सीट दोन्ही हातांनी धरून हँडल फिरवावं तशी फिरवली.

आवाज आला. मोठा नाही. पोस्टाचं तिकीट फाडताना येतो तसा. दाट भोकांची सगळ्यात खालची ओळ होती, तिथून दांडा अख्खा तुटला. सीट सिरिलच्या हातात, खाली फ्रेममध्ये नुसता कापलेला काठ.

लोकांच्या टोप्या निघायला लागल्या, मला वाटतं त्यांनाच कळलं नाही का ते.

सिरिलचा चेहरा पांढराफटक. "एनिड. मी... बाई गं, हे काय झालं माझ्या हातून."

मी सीट घेतली. हातात घेतली तर एवढीशी. ती उंचावर असताना केवढी वाटायची. आता तिला उंचीच नव्हती. मला रडू आलं नाही. मला वाटलं येईल, म्हणून मी थांबले. पण वेळ घेणारा माणूस घड्याळ हातात धरून एकेकाला सोडत होता आणि थोड्या वेळाने सिरिलचा नंबर येणार होता.

मी म्हटलं, "सिरिल, या चढावर बसतं का कोणी?"

"काय?"

"सगळे उभ्यानेच चढवतात ना? सत्तावीस वर्षं ऐकतेय मी, उभं राहून चढवला, उभं राहून चढवला. मग सीट कशाला हवी तुला?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आणि काठावर चुकून बसलास तर विक्रम करशील बघ." सगळे हसले, सिरिलसुद्धा. कोणीतरी त्या कापलेल्या काठावर बाटलीचं बूच ठोकून वर फडकं बांधलं, अपघात नको म्हणून.

मी वर निघाले. सीट बगलेत. चहाकडे गेले नाही. फिलिसने हॉलच्या खिडकीतून हात केला, काय चाललंय, म्हणून. मी हाताने वर दाखवलं.

वर काय होतं ते आता माहीत आहे. शर्यत संपते त्या रेषेच्या पुढे धडधाकट माणसं उभी असतात. वर पोहोचणाऱ्याच्या पायात उभं राहायचा जीव नसतो, थांबला की तो सरळ आडवा होतो. म्हणून एक जण माणूस धरतो आणि एक जण सायकल. क्लेम इथे सायकल धरायचा, त्यातला एक म्हणाला. मला वाटायचं, तो वर शर्यत बघायला थांबतो.

सिरिल धुक्यातून दिसला. आधी डोकं. मग दोन्ही खांदे एकदा इकडे, एकदा तिकडे. गेल्या वर्षीपेक्षा हळू, असं ते म्हणत होते. मला कसं कळणार, मी गेल्या वर्षी सँडविच लावत होते. तोंड उघडं, डोळे कुठे लागलेत ते कळत नव्हतं, आणि पाय मात्र फिरत होते. कोणीतरी ओरडत होतं, "ऊठ, बुटक्या, ऊठ! चढव!" खूप मोठ्याने. ती मीच होते.

रेषा ओलांडली आणि तो कलला. दोघांनी त्याला धरलं. सायकल माझ्याकडे आली, मी धरली. सीट बगलेतून पडली, पडू दिली.

सिरिल गवतात उताणा पडून म्हणाला, "क्लेमला सांग, पोहोचली."

मी म्हटलं, "श्वास घे आधी."

निकाल: सिरिल शेवटून तिसरा. खाली आल्यावर फिलिसने मला चहा दिला. पहिल्यांदा तिथे मला कोणीतरी चहा दिला. मी बसून प्यायले.

सीट आणि दांडा नसताना सायकल अठराच्या आत गेली असणारच. म्हणजे योजना पूर्ण झाली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पुलांचं पुस्तक परत दिलं. मिस ऑर्मरॉडनी विचारलं, समजलं का. मी म्हटलं, बहुतेक. एका ठिकाणी लिहिणाऱ्याशी माझं पटलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

सिरिल सकाळी आला. अडकलेला तुकडा त्याने खणून काढला, दुपार झाली. स्वतःच्या शेडमधला एक जुना दांडा आणला होता, बिनभोकांचा, वजनदार. त्यावर क्लेमची सीट बसवली.

"किती वर ठेवू?" त्याने विचारलं. "क्लेमचं माप सांग, तसंच ठेवतो. तुझ्याकडे असेल ना लिहून."

नव्हतं. तीन महिने मापांच्या गोष्टी सांगितल्या आणि ते एक माप मी कधी घेतलं नाही. मी माझ्या बरगड्यांवर हात ठेवून बघितलं, इथे लागायची की जरा खाली. दोन वेळा दोन वेगळ्या जागा दाखवल्या. सिरिल पाना धरून उभा होता.

शेवटी मी म्हटलं, "माझ्या मापाने ठेव."

"तुझ्या?"

"मग काय, भिंतीला टेकवून ठेवायचीय? लायब्ररी लांब आहे."

त्याने सीट खाली घेतली. बरीच खाली. तो घेत असताना मी दुसरीकडे बघितलं नाही.

तो गेल्यावर बाहेर काढली. वीस-पंचवीस वर्षांनी सायकलवर बसले, पाय जमिनीला टेकले. सीट डावीकडे झुकवते. आमच्या गल्लीच्या उताराने खाली गेले, कोपऱ्यापर्यंत, आणखी पुढे चॅपलपर्यंत. वारा भोकाभोकांतून शिट्ट्या मारत होता. चांगलं वाटलं, लिहायला हरकत नाही. ब्रेक दाबला तेव्हा मी भोकं पाडलेला लिव्हर हातात वाकला, क्लेमचा वाकला नाही. त्याच्या लिव्हरवर थांबले.

परत यायला वळले. आमच्या गल्लीचा चढ तो काय, किराणाच्या दुकानापासून आमच्या दारापर्यंत. इतके महिने चुरा काढला, तीन टोकं मोडली, हाताला घट्टे पडले. निम्म्यात उतरले आणि ढकलत आणली. पूर्वी होती तेवढीच जड.

दारात शेजारची उभी होती. काय गं, ढकलतेस काय, म्हणाली.

चाकात हवा कमी आहे, मी सांगितलं. उद्या भरते.